तंबू जड हवा की हलका

आजारी भावाला डोंगरावर नेऊन तंबूत झोपवावं की नाही, हा प्रश्न घरातल्या घरात सुटण्यासारखा होता. पण तोलसाहेबांच्या घरातला प्रश्न घरात फार वेळ टिकत नसे. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानांतले काटे तपासायचे, वजनांवर शिक्का मारायचा आणि खोट सापडली की काटा उचलून न्यायचा, हे काम त्यांनी अशा निष्ठेने केलं होतं की ते पिशवी घेऊन साध्या खरेदीला निघाले तरी बाजारातल्या निम्म्या दुकानदारांना बाहेरची कामं आठवत. वसाहतीत त्यांचं नावच तोलसाहेब पडलं होतं. 'अंदाजे' असा एक शब्द भाषेत आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण तो आपल्या घरात कुणी वापरलेला त्यांना चालत नसे.

त्यांचे थोरले भाऊ, दादा, त्याच इमारतीत तळमजल्यावर राहायचे. दादांची सगळी नोकरी तिजोऱ्यांच्या कारखान्यात गेली होती. जी वस्तू एकट्याला उचलता येते ती एकट्याला पळवताही येते, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यांच्या घरातलं साधं स्टूल जागचं हलवायलाही दोघं लागायचे. मागे त्यांच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आतलं बरंच काही काढून टाकलं, आणि जे शिल्लक ठेवलं ते अन्नाशी फटकून वागू लागलं. पुढे एका तपासणीत डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "आता त्यांना जे आवडेल ते करू द्या."

हे वाक्य ज्या घराने ऐकलंय त्या घराला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. तोलसाहेबांना मात्र तो कळून घ्यायचाच नव्हता. "डॉक्टर फार मोघम बोलतात," ते घरी येऊन बायकोला म्हणाले. "काय आवडेल, किती आवडेल, कशाला काही माप नाही." एवढं बोलून ते मोरीत गेले आणि बराच वेळ तोंड धूत राहिले.

दादांना जे आवडणार होतं ते मात्र अजिबात मोघम नव्हतं. त्यांना गावाबाहेरच्या डोंगरावर, वरच्या पठारावर, एक रात्र तंबूत काढायची होती.

"आपण गच्चीवर झोपू की," तोलसाहेब म्हणाले.

"गच्चीवर पडायला मी काय वाळत घातलेला टॉवेल आहे?" दादा म्हणाले.

वहिनींनी आधी कानावर हात ठेवले, मग रडून घेतलं आणि शेवटी एक अट घातली. "यांचं वजन वाढलं तर जा. नाही वाढलं तर मी उंबऱ्यात आडवी पडेन, मला ओलांडून जा. आणि भावजी, वजन तुमच्या काट्यावर करायचं. दवाखान्यातल्या काट्यावर माझा विश्वास नाही. दर वेळी कमीच दाखवतो मेला."

अट ऐकून दादांचा चेहरा उतरला. तोलसाहेबांना मात्र हुरूप आला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या काट्याकडे आशेने पाहत होतं. वजन महिन्याभराने करायचं ठरलं, आणि तोवर तंबूचं बघू, असं म्हणून त्यांनी या प्रकरणाला हात घातला.

आता आजारपण आणि प्रवास या दोन बाबतींत सल्ला देण्याचा हक्क माणसाला जन्मतःच मिळतो. इथे तर दोन्ही एकत्र आले होते. पहिल्या संध्याकाळी शेजारचे कोठीवाले आले. हे मदत खात्याच्या गोदामातून निवृत्त झाले होते, आणि गोदामातून निवृत्त होताना बरोबर बऱ्याच आठवणी आणि एक तंबू घेऊन आले होते. तंबू जाड कॅनव्हासचा, लोखंडी खांबांचा, लोखंडी मेखांचा. तो त्यांच्या पलंगाखाली असा पसरला होता की पलंग त्याच्यावर ठेवलाय असं वाटावं.

"हा भूकंपात उभा होता," कोठीवाले म्हणाले.

"भूकंपानंतर उभा केला होता," त्यांची बायको आतून म्हणाली.

"तेच ते. पूर आला, वादळ आलं, याची दोरी तुटली नाही. डोंगरावर वारा कसा असतो माहितेय? हलक्या तंबूत झोपलेला माणूस सकाळी भलत्याच गावात उठतो."

दादांचे डोळे चमकले. त्यांनी लोखंडी खांबावर बोटाने टकटक केली, तिजोरीच्या दारावर करावी तशी, आणि बऱ्याच महिन्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. तंबू त्याच दिवशी दादांच्या खाटेखाली येऊन पडला. तो आणताना तोलसाहेबांच्या पाठीत जी उसण भरली ती पुढे कायमची त्यांच्या सोबतीला राहिली.

दुसऱ्या दिवशी जिन्यात दाताचे डॉक्टर भेटले. ते वरच्या मजल्यावर राहायचे, सुट्टीच्या दिवशी डोंगर चढायचे आणि उरलेल्या दिवशी डोंगर कसा चढावा ते सांगायचे. दादांना बघायला म्हणून आत आले आणि खाटेखालचा तंबू दिसताच त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, हा तंबू नाही, हे घर आहे! हे उचलून तुम्ही दोघं पायथ्याशीच राम म्हणाल. डोंगरावर माणसाचा शत्रू वारा नसतो, वजन असतं. मी तर दात घासायच्या ब्रशचा दांडासुद्धा अर्धा कापून नेतो."

"दाताचा डॉक्टर ब्रश कापतो?" दादा म्हणाले.

"वर गेल्यावर कोण बघतंय?" दाताचे डॉक्टर म्हणाले. त्यानंतर दादा त्यांच्याकडे दाढ दाखवायला कधी गेले नाहीत.

तोलसाहेबांची अवस्था काट्याच्या दांडीसारखी झाली. एका बाजूला जड तंबू. पत्र्याच्या शेडसारखा भक्कम, सहा माणसांना वादळात जगवेल, पण वर नेणार कोण? दादांनी वजन उचलायचं नाही हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. दुसऱ्या बाजूला हलका तंबू. काखोटीला मारून नेता येईल, पण वाऱ्याने उडाला तर आजारी माणसाला घेऊन उघड्यावर बसायचं? रात्री त्यांना कधी आपण पायथ्याशी तंबूखाली चिरडल्याचं स्वप्न पडे, तर कधी दादा पतंगासारखे दोरीला धरून वर चालल्याचं. दोन्ही स्वप्नांतून ते घामाघूम होऊन उठत, आणि बायको म्हणे, "अहो, तो तंबू आधी स्वप्नातून तरी काढा."

शेवटी पाठीने कौल दिला आणि ते दाताच्या डॉक्टरांना बरोबर घेऊन हलका तंबू बघायला गेले. दुकान डॉक्टरांच्या मित्राचं होतं. मित्राने कौतुकाने तंबू काढला. कांद्याच्या सालीएवढं पातळ कापड, काडीसारखे खांब. एका बोटावर टांगून दाखवला. तोलसाहेब क्षणभर हरखले. तेवढ्यात त्यांची नजर वेष्टनावर छापलेल्या वजनाकडे गेली आणि हात आपोआप खिशातल्या ताणकाट्याकडे.

"यावर लिहिलंय त्यापेक्षा हा जास्त भरतोय," ते म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. दाताच्या डॉक्टरांनी मनातल्या मनात देव आठवला.

"त्यात मेखा आणि पिशवी धरलेली नाही, साहेब," दुकानदार म्हणाला.

"मेखांशिवाय हा उभा राहतो का?"

"नाही."

"मग लिहिलंय ते वजन कोणत्या तंबूचं?"

दुकानदार उगीचच पिशवीची नाडी आवळू लागला, आणि अशा दुकानदाराला मोकळं सोडणं तोलसाहेबांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथे पंचनामा केला. पंच म्हणून सही करायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून दाताच्या डॉक्टरांना आपल्याच मित्राविरुद्ध सही करावी लागली. तंबू जप्त झाला, लाखेचं सील लागलं आणि मुद्देमाल कार्यालयाच्या कपाटात गेला. घरी येऊन चहाचा पहिला घोट घेतल्यावर तोलसाहेबांच्या ध्यानात आलं की बाजारातला एकुलता एक हलका तंबू आपण खटला संपेपर्यंत आत टाकलाय. दाताच्या डॉक्टरांकडे त्यांचा स्वतःचा एक होता. पण ते आता जिन्यात समोरासमोर आले की भिंतीचा रंग न्याहाळत.

"निकाल कधी लागेल?" बायकोने विचारलं.

"तीनेक वर्षांत."

तीन वर्षं म्हटल्यावर दोघांच्याही मनात एकच गोष्ट आली आणि दोघांनीही ती चहाबरोबर गिळली. त्या दिवसापासून जड तंबू की हलका हा वाद मिटला. जड तंबूच्या बाजूने आता सरकारच उभं होतं.

वजनाचा दिवस उजाडला. कार्यालयाच्या आवारात पोती तोलायचा मोठा प्लॅटफॉर्म काटा होता. तोलसाहेबांनी सकाळीच त्याच्यावर प्रमाणित वजनं ठेवून तो तपासला, पुसला, पुन्हा तपासला. वहिनी दादांना रिक्षाने घेऊन आल्या. दादांच्या अंगात त्यांचा लांब लोकरी कोट होता. ऑपरेशनपासून त्यांना सदानकदा थंडी वाजायची.

तोलसाहेबांनी त्यांना घड्याळ काढायला लावलं, चपला काढायला लावल्या, चष्म्याचं घर बाजूला ठेवायला लावलं. मग म्हणाले, "दादा, कोट."

"थंडी वाजते," दादा म्हणाले.

"पण नियमाने..."

दादांनी फक्त बघितलं. भल्याभल्या अडत्यांना घाम फोडणारे तोलसाहेब त्या नजरेपुढे शाळेतले झाले. थोरल्या भावाच्या अंगावरचा कोट उतरवायला कुठलं कलम लावायचं ते त्यांना आठवेना. म्हणून त्यांनी पहारेकऱ्याचा तसलाच कोट मागवला, तो आधी तोलला आणि तेवढं वजन वजा करायचं ठरवलं. मग दादा काट्यावर चढले. चढताना अगदी सावकाश चढले, पाऊल जपून टाकत.

कोट वजा जाता जो आकडा उरला तो बघून तोलसाहेबांनी डोळे चोळले. पुन्हा बघितलं. दादांचं वजन वाढलं होतं. थोडंथोडकं नाही, आजारपणाच्या आधी जेवढं होतं त्याच्या जवळ येऊन टेकलं होतं. "वहिनी," ते ओरडले आणि त्यांनी आकड्याकडे बोट दाखवलं. वहिनींनी काट्याचा तो आकडा पदराने पुसून वाचला आणि तिथेच, पोत्यांच्या धुळीत, मटकन खाली बसल्या. त्या हसत होत्या की रडत होत्या हे कळायला मार्ग नव्हता. "मी म्हणत होते ना? पेज लागू पडतेय. मी म्हणतच होते!"

दादा काट्यावरून खाली उतरले आणि दुसरीकडे बघू लागले.

त्या दिवशी दोन्ही घरांत गोड झालं. वहिनी वसाहतभर सांगत फिरल्या. तोलसाहेब रात्री शांत झोपले, स्वप्नात तंबू आला नाही. आनंदाला तेवढं एकच गालबोट लागलं. दुकानदार त्याच दिवशी आपल्या तारखेसाठी कार्यालयात आला होता आणि त्याने सगळा सोहळा खिडकीतून बघितला होता. चार दिवसांनी वरिष्ठांचा मेमो आला. सरकारी काट्यावर खाजगी इसम का तोलला, तोलून झाल्यावर काट्याजवळ आक्रोश का झाला, याचा खुलासा करावा. आणि तोवर कुठलीही खाजगी वस्तू शासकीय काट्यावर ठेवू नये. ज्याने जन्मभर दुसऱ्यांना नोटिसा दिल्या त्याच्या हातात नोटीस. तोलसाहेब दोन दिवस मान खाली घालून फिरले. पण खुलाशात त्यांनी एवढंच लिहिलं की इसमाचं वजन वाढलेलं आढळून आलं.

या मेमोमुळेच निघण्याआधी तंबूचं बोचकं तोलून बघायचं राहून गेलं.

बसने ते पायथ्याशी उतरले. तोलसाहेबांच्या पाठीवर कॅनव्हास, दोन्ही खांद्यांवर लोखंडी खांब, गळ्यात पाण्याच्या बाटल्या. दादांच्या हातात फक्त काठी, खांद्याला हलकी पिशवी आणि अंगात कोटाऐवजी एकावर एक दोन स्वेटर. चढताना तोलसाहेबांना सारखं वाटत होतं की बोचकं खाटेखाली ओढून आणलं तेव्हा होतं त्यापेक्षा हलकं लागतंय. त्याचं श्रेय त्यांनी स्वतःला दिलं. मन खूश असलं की अंगात बळ येतं, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. दादा पुढे चालत, जरा जाऊन बसत, भावाचं ओझं वर येताना बघत आणि उठत. त्यांनी एकदाही तक्रार केली नाही. दिवस कलायच्या आत दोघं पठारावर पोचले. खाली तलाव पसरला होता आणि वारा कोठीवाल्यांनी सांगितला होता तसाच होता.

खांब उभे केले. कॅनव्हास टाकला. वाऱ्याने तो परत काढून दिला.

"दादा, मेखा दे. तू घेतल्या होत्यास ना?"

दादांनी पिशवी बघितली. मग बाहेरचा कप्पा बघितला. मग ते दगडावर बसले.

"राहिल्या."

"कुठे?"

"कोटात."

तोलसाहेबांच्या हातातली दोरी तशीच राहिली. एवढ्या लोखंडी मेखा कोटात कशाला असतील, हा प्रश्न त्यांच्या ओठांपर्यंत आला आणि तिथेच थांबला. कारण उत्तर आधी आलं होतं. वजनाच्या खाली शिसं चिकटवणारे त्यांनी पकडले होते. तागडीला चुंबक लावणारे पकडले होते. मापाला खोटा तळ बसवणारे अंधारात हाताने चाचपून पकडले होते. आणि त्यांच्या स्वतःच्या काट्यावर, त्यांच्या डोळ्यांदेखत, तिजोऱ्या बनवणाऱ्या एका माणसाने अस्तरात आणि कमरपट्ट्यात मेखा बांधून, कापडात गुंडाळून, एकीलाही वाजू न देता वजन करून घेतलं होतं.

"तुझ्या वहिनीने सोडलं नसतं मला," दादा म्हणाले. "आणि मग तिचा चेहरा बघितलास ना? आता कसं सांगायचं तिला? त्या दिवसापासून माझ्या तोंडाकडे बघत नाहीये ती. ताटाकडे बघतेय आणि हसतेय."

"आणि मी?" तोलसाहेब म्हणाले. त्यांना राग यायला हवा होता. त्यांनी तो आणायचा प्रयत्नही केला. "मला तरी सांगायचंस."

"तू लिहून ठेवलं असतंस."

हे खरं होतं, म्हणून तोलसाहेब पाठ फिरवून दगड गोळा करू लागले. मेखांच्या जागी दगड रचले, दोऱ्या दगडांना गुंडाळल्या. तंबू उभा राहिला म्हणता येणार नाही. बसकण मारलेल्या म्हशीसारखा तो पठारावर टेकला. पण वाऱ्याने हलला नाही. दादा आत जाऊन झोपले, कॅनव्हासवर हात फिरवत म्हणाले, "बघ, जड होता म्हणून टिकला," आणि कितीतरी महिन्यांनी गोळी न घेता झोपले. तोलसाहेब त्यांच्या श्वासाकडे कान लावून पडून राहिले.

सकाळी दादांनी तलावावरचं ऊन बघितलं. बराच वेळ बघितलं. "झालं माझं," ते समाधानाने म्हणाले आणि उठायला गेले. पाय उभे राहीनात. दोनदा प्रयत्न झाला. तिसऱ्यांदा त्यांनी केलाच नाही.

तोलसाहेबांनी खांब जमिनीवर आडवे ठेवले आणि भावापुढे पाठ करून बसले.

"अरे, तंबू! तो कोठीवाल्यांचा आहे."

"राहू दे इथेच. भूकंप झाला तर कुणाच्या तरी उपयोगी पडेल."

"तुझ्या पाठीत उसण आहे."

"बस म्हणतो ना."

दादांनी गळ्यात हात टाकले. तोलसाहेब उठले. जोर लावून उठायला गेले आणि एकदम उभेच राहिले, रिकामी बादली भरलेली समजून उचलल्यावर माणूस झोकांडतो तसे. इतकी वर्षं पोती उचलून, वजनं हातात तोलून त्यांच्या अंगाला काटा नसला तरी माप कळायचं. ते न कळण्याची काही सोय नव्हती. दादांचे पाय त्यांनी दोन्ही हातांनी धरले होते, आणि पाठीवर काय आहे, किती आहे, आणखी किती दिवसांचं आहे, ते सगळं त्यांना पहिल्याच पावलाला कळलं.

थोडं उतरल्यावर दादांनी कानाशी विचारलं, "फार होतोय का रे मी?"

"होतोय म्हणजे? कंबर मोडलीस माझी," तोलसाहेब म्हणाले. "तुझ्या मेखा नसत्या तरी वजन वाढलेलंच निघालं असतं. असं एका दमात जमणार नाही, थांबत थांबत जावं लागेल."

पहिल्या वळणावर त्यांनी दादांना एका खडकावर टेकवलं. कपाळावर घाम नव्हता, तरी बाहीने तो पुसला. कमरेवर हात ठेवून मोठमोठ्याने धापा टाकल्या. दादा त्यांच्याकडे बघत राहिले आणि त्यांच्या सुरकुतलेल्या तोंडावर हळूहळू एक अभिमान पसरला.

"खा, दम खा," दादा म्हणाले. "मला काही घाई नाही."

तोलसाहेब त्यांच्या शेजारी बसले आणि दम लागल्यासारखा श्वास घेत राहिले. पुढच्या वळणावरही ते थांबले, आणि त्याच्या पुढच्यावरही.